एक जूनची सरू

जव्हार
१७ फेब्रुवारी २००२

गुरुजींना नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. जानेवारीचं आधी आलं आणि डिसेंबरचं मागून, त्यामुळे तुमचा ताप आधी उतरला आणि मग चढला. आपल्या प्रतीक्षाने नाशिकहून फोन केला, बाबा कसे आहेत म्हणून. मी म्हटलं, बरे आहेत, आता आजारी पडायचे आहेत.

फोटोही पाहिले. झाडाखाली शंभरावर मुलं आणि मधोमध तुम्ही, डोक्यावर गवती टोपी, तोंडभर हसू. उंबरविहीरच्या शाळेत पंधरा वर्षांत तुम्हाला असं हसताना कुणी पाहिलं नाही, निदान मी तरी नाही. आफ्रिकेतली मलावी तुम्हाला मानवली म्हणायची.

मी पत्र लिहिणार नव्हते. निघताना तुम्ही म्हणालात, "इथे इतकी वर्षं घासली, काय झालं? काहीच झालं नाही." ते वाक्य अजून माझ्या घशातच आहे. ती पंधरा वर्षं माझीही होती. शिवाय स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, त्या संस्थेची मुलाखत, परदेशातल्या खेड्यांत फुकट शिकवायची हौस, यातलं मला काय माहीत होतं? पासपोर्टच्या चौकशीला पोलीस दारात आला तेव्हा कळलं. मी त्याला चहा दिला आणि सगळं माहीत असल्यासारखं हो हो म्हणाले. असो. आज भांडायला लिहीत नाही, काम आहे.

सरू आठवते ना? ओढ्यापलीकडच्या भोकरपाड्याची, बुधा आणि कोंडीची थोरली. आपल्याकडे चौथी झाली, मग आश्रमशाळेत गेली आणि मागच्या साली दहावी पास झाली. पाड्यावरची पहिली. आता पाड्याला वस्तीशाळा मंजूर व्हायची आहे. तेवीस मुलं आहेत. पावसाळ्याचे तीन महिने त्यांना ओढा ओलांडून आपल्या शाळेत येता येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. वस्तीशाळेवर पाड्यातलाच दहावी झालेला स्वयंसेवक लागतो. हो, सरकारही स्वयंसेवकच म्हणतं, तुमच्यासारखं. फक्त विमानाचं तिकीट देत नाही.

पाड्यात दहावी झालेलं माणूस एकच, सरू. आणि दाखल्यावर तिची जन्मतारीख आहे एक जून १९८५. म्हणजे येत्या जूनला सतरा. लागतात अठरा. पंधरा जूनच्या आत कागद पुरे झाले नाहीत तर शाळा दुसऱ्या पाड्याला जाईल आणि परत कधी येईल कुणी सांगावं. सरू सतराची नाही हे तिच्याकडे पाहिलं की कळतं. तिच्या पाठची बहीण दोन मुलांची आई आहे.

विस्ताराधिकारी साहेबांना मी मोखाड्याला जाऊन भेटले. भला माणूस आहे. म्हणाले, शाळा सोडल्यावर तारीख सहसा बदलत नाही, पण नोंद अंदाजाने आणि चुकीची झाली असं संबंधित शिक्षकाने लिहून दिलं तर मी प्रस्ताव वर पाठवतो. रजिस्टर माझ्यासमोर आहे. नोंद तुमच्या अक्षरात आहे. त्या पानावर अकरा मुलं आहेत आणि अकराही एक जूनला जन्मलेली. आपण अख्ख्या गावाचा वाढदिवस एका दिवशी करून टाकला होता, आठवतं ना?

तेव्हा पानभर लिहा, सही करा आणि लगेच पाठवा. तुम्ही आता नोकरीत नाही, तुमचं कुणी काही वाकडं करणार नाही. माझा जव्हारच्या शाळेत विनंती बदलीचा अर्ज गेलेला आहे. गुडघ्यांना आता शाळेच्या वाटेवरचा ओढा नको झालाय.

पुष्पलता


उंबरविहीर
२२ मार्च २००२

गुरुजींना नमस्कार.

महिना झाला, उत्तर नाही. पत्र पोचायला वीस दिवस, यायला वीस दिवस, हे मला कळतं, तरी पोस्टमनला रोज विचारते. तो आता मला पाहून सायकल दुसऱ्या गल्लीने घालतो.

रविवारी एसटीडी बूथवर जाऊन तुमच्या संस्थेचा नंबर लावला. कुणीतरी बाई हसून काहीतरी बोलली. मी इंग्रजीत तुमचं नाव सांगितलं. ती पुन्हा हसली आणि फोन ठेवला. निदान तिथे बायका हसतात एवढं कळलं.

मधल्या सुट्टीत लिहिते आहे. पटावर एकतीस, वर्गात नऊ. बाकीची आईबापांबरोबर वीटभट्टीवर. हे तुम्हाला नवीन नाही, पण हल्ली मला त्या रिकाम्या जागेकडे बघून पूर्वीसारखा राग येत नाही. नुसतं दमायला होतं. काल काळ्याची आजी त्याला घेऊन आली, म्हणाली, हा भट्टीवरून पळून आला, याला शिकव. मी त्याला बसवलं. तो बसल्या बसल्या झोपला. मी उठवलं नाही.

परवा भोकरपाड्यावर गेले होते. सरूने मंजुरीची वाट पाहिलेली नाही. घराच्या ओट्यावर आठ पोरं घेऊन बसली होती, त्यात एक तर दुपट्यात होतं. मी म्हटलं, "अगं, याला काय शिकवतेस?" तर म्हणाली, "त्याला नाही बाई, त्याच्या बहिणीला. ती त्याला सोडून येऊ शकत नाही, म्हणून दोघंही येतात." मला हे तीस वर्षांत सुचलं नाही. थोरलीने धाकट्याला आणलं की आपण दोघांनाही घरी पाठवायचो.

निघताना तिने खडू मागितले. मी पर्समधले दिले. मग म्हणाली, "बाई, गुरुजींचं पत्र आलं का?" मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, "गुरुजी लिहून देतील. नोंद त्यांनीच केलीय ना?" मी हो म्हटलं.

नोंद तुम्हीच केली आहे. रजिस्टरची जबाबदारी मुख्याध्यापकाची असते. मी सहशिक्षिका होते. हे मी नियमाचं लिहिते आहे, राग मानू नका.

पुष्पलता


जव्हार
१४ एप्रिल २००२

गुरुजी,

तुमचं पत्र मिळालं. चार पानं. त्यात तुमच्या शाळेतला मका संपल्याची हकीकत आहे, मुलं उपाशी येतात, निम्मी येतच नाहीत, मास्तरही चालत चालत दुसऱ्या गावी धान्य शोधायला जातात. वाचवलं नाही. तुम्ही स्वतः काय खाता हे कुठेच लिहिलेलं नाही, म्हणजे बरं चाललेलं नसणार. स्वतःला जपा. हे मी रागात असले तरी लिहिते आहे.

सरूसाठी मात्र एकच ओळ, "विचार करून लिहितो." कसला विचार? तुमच्या विचाराला वेळ आहे, पाड्याला नाही.

आणि मग दीड पान ते कानाचं. तिथले हेडमास्तर नवीन मुलाला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावतात, धरता आला तर सहा वर्षांचा, नाही तर पुढच्या साली ये. "जगाच्या दुसऱ्या टोकाला तीच पद्धत! मला आपली शाळा आठवली," असं तुम्ही लिहिता. पुढे लिहिता, एक मुलगी रांगेत होती, तिचा हात पोचेना, तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात आणि तुम्हाला झोप लागली नाही.

हे मला का लिहिलंत?

कान धरायला लावणं मी शोधून काढलेलं नव्हतं. माझ्या वेळी माझ्या मास्तरांनी मला लावलं होतं. सगळ्या तालुक्यात तेच चालायचं. जन्माचा दाखला कुणाकडे होता? मुलीची आई सांगायची, भात कापत होतो तेव्हा झाली. कुठल्या सालचं भात, ते नाही. मग मास्तराने काय करायचं? आणि ब्याण्णव-त्र्याण्णवला पेपरवाले नि डॉक्टर गाड्या भरभरून आले, उपाशी पोरांचे हात-पाय खुरटतात हे त्यांनी सांगितलं, त्याआधी ते आपल्याला कुणी शिकवलं होतं? ट्रेनिंगला होतं का?

मला कानाबद्दल लिहू नका. कागद पाठवा.

पुष्पलता


जव्हार
१२ मे २००२

गुरुजींना नमस्कार.

मागचं पत्र रागात लिहिलं. ते टाकून आले आणि लगेच वाटलं, पेटीतून परत काढता आलं तर बरं. जाऊ द्या.

शुक्रवारी साहेबांनी सरूच्या आईला मोखाड्याच्या कचेरीत बोलावलं होतं. म्हणाले, गुरुजींचा कागद येईपर्यंत आईचा जबाब तरी घेऊ. कोंडी खाडा करून भट्टीवरून आली. अंगावर विटांची लाल धूळ तशीच. सरूने तिला ओसरीवर पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं, मगच आत आणलं.

साहेबांनी विचारलं, "मुलीचं वय काय?" कोंडी म्हणाली, "आकडा मला येत नाय. मी तुला दावते." कोंडी कुणालाच तुम्ही म्हणत नाही, साहेबालाही नाही. टेबलावर टाचण्यांची डबी होती. तिने ती ओढून घेतली आणि एकेक टाचणी मांडायला लागली.

"ही पोटातून निघाली ती विरारची भट्टी." एक टाचणी. "चालाया लागली ती भिवंडीची. दोन साल भिवंडी." दोन टाचण्या. "या साली आमचा पोरगा गेला, तवा भट्टीव गेलोच नाय. पन साल तं सरला ना?" एक टाचणी, जरा बाजूला. भट्टीचा मालक, मुकादमाचं नाव, कुठल्या साली पाणी लांबून आणायला लागायचं, कुठल्या साली बुधाला विंचू चावला, सगळं तिच्या डोक्यात होतं. साहेब चष्मा काढून बघत बसले. वीस टाचण्या झाल्या. एकविसावी तिने हातातच धरली. म्हणाली, "ही या सालची. अजून सरली नाय."

म्हणजे सरू वीस वर्षांची. आपण तिला सतराची केलं.

साहेबांनी मग विचारलं, "शाळेत कधी घातली?" तिने दहा टाचण्या मोजून बोट ठेवलं. "हिच्यानंतरच्या पावसात." साहेब म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षांची झाल्यावर? सहाव्या वर्षी का नाही घातली?"

"आणली होती की. बाईनं परत धाडली."

तिने हे रागाने म्हटलं नाही, गुरुजी. आज बाजार होता, असं सांगावं तसं म्हणाली. आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात चहा आला. साहेबांनी मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. सरू खाली बघून टाचण्या डबीत भरत होती.

जबाबावर अंगठा झाला. पण साहेब म्हणतात, आईचा जबाब पुरत नाही, शिक्षकाचा कागद हवाच. मी म्हटलं, गुरुजींचा येईल.

बदलीची यादी या महिनाअखेर लागेल असं ऐकते. जव्हारची शाळा घरापासून सात मिनिटांवर आहे. मी चालून पाहिलं.

पुष्पलता


जव्हार
५ जून २००२

गुरुजींना नमस्कार.

तुमचा कागद ३० मेला मिळाला. दोन दिवस कपाटात ठेवला होता, मग पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. आज तो समोर घेऊन बसले आहे.

"सदर मुलीस सन १९८८, १९८९ व १९९० अशी तीन वर्षे तिच्या पालकांनी शाळेत आणले असता, वयाची योग्य खातरजमा न करता मी स्वतः तिला परत पाठवले. सन १९९१ मध्ये दाखल करतेवेळी तिचे वय अंदाजाने सहा लिहिले. ही सर्व चूक माझी असून सहशिक्षिकेचा यात काहीही संबंध नाही."

खोटं लिहायचं होतं तर इतकं सुंदर अक्षर कशाला काढलंत?

दर जूनला शाळेच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही पुस्तकं आणायला मोखाड्याला असायचा. नवी मुलं मी घ्यायची. हे मी सगळ्या पत्रांतून टाळत आले आणि तुम्हाला ते पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून विचार करून लिहितो म्हणालात. म्हणून ते कानाचं लिहिलंत. मला वाटलं तुम्ही टोचताय. आता वाटतं, मी आपणहून बोलावं म्हणून तुम्ही दार किलकिलं करून ठेवलं होतं, आणि मी नाही बोलले, म्हणून सगळं स्वतःवर घेतलंत.

आता ऐका. तुम्हाला माहीत नाही ते सांगते.

अठ्ठ्याऐंशी साली पहिलीत सेहेचाळीस मुलं होती, खोली एक, निम्मी गळकी. कोंडी सरूला घेऊन आली. मी म्हटलं, कान धर. नाही पोचला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. कोंडी म्हणाली, "बाई, पोर मोठी हाय. खायला नाय म्हणून लहान दिसते." हे तिने मला सांगितलं होतं, गुरुजी. डॉक्टरांच्या गाड्या यायच्या चार वर्षं आधी. माझ्या तोंडावर सांगितलं होतं. आणि मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय वर्षांतलं?" आणि हसले. पुढच्या साली तेच. त्याच्या पुढच्या साली तेच.

ट्रेनिंगला शिकवलं नव्हतं असं मी तुम्हाला लिहिलं. ते खरं आहे, पण ते खरं कारण नाही. एखाद्याचा हात पोचला नाही की मला बरं वाटायचं. सेहेचाळीसचे सत्तेचाळीस झाले नाहीत, एवढंच. मी कान बघत नव्हते, मी माझी खोली बघत होते.

एक्क्याण्णवला तुम्ही मोखाड्याहून लवकर परत आलात. सरू पुन्हा दारात उभी होती. मी म्हटलं, अजून पोचत नाही. तुम्ही म्हणालात, "मरू दे तो कान," आणि रजिस्टर उघडून लिहून टाकलंत. पहिलीत बसवायची म्हणून वय सहा, तारीख एक जून. मी घरी येऊन तुमच्याशी भांडले, नियम मोडला म्हणून. तुमची चूक एवढीच, की तिला आत घेतलंत.

आता खरी अडचण सांगते. बदलीच्या यादीत माझं नाव लागलं आहे. सोमवारी हजर व्हायचं पत्र येईल. तुमचा कागद दिला तर सरूचं काम होतं, माझं होतं आणि तुम्हाला कुणी मलावीत येऊन विचारत नाही. साहेबांना मी सहज म्हणून विचारलं, कार्यरत शिक्षकाने असं लिहून दिलं तर? ते म्हणाले, "चौकशी लागते, बाई. आणि चौकशी चालू असताना विनंती बदली होत नाही. पण तुम्ही कशाला? गुरुजी देतायत ना?"

बावन्नाव्या वर्षी सहा वर्षं आणखी तो ओढा. खरं सांगते, मला नको आहे. फार दमले आहे. तुमचा कागद देऊन टाकावा असं आज सकाळपासून चार वेळा ठरवलं. तुम्ही पाठवलाच आहे तर वापरायला काय हरकत, तुमचीच इच्छा आहे, असं मनाला सांगते. पण कोंडीने त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं आणि मी चहाचा कप उचलला. तुमच्या कागदाने सरूला तारीख मिळेल. त्या बघण्याचं काय करायचं, ते तुमच्या कागदात नाही.

तेरा तारखेला साहेबांकडे जायचं आहे. पत्र आज टाकते, म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला दुसऱ्या पत्रातून कळेल. टपालाचं काही सांगता येत नाही, तेच आधी मिळेल.

पुष्पलता


जव्हार
१६ जून २००२

गुरुजींना नमस्कार.

साहेबांनी शिफारस लिहून सरूचा प्रस्ताव वर पाठवला. वस्तीशाळा भोकरपाड्यालाच राहिली. वरून कागद येईपर्यंत सरूने मुलं घेऊन बसायला हरकत नाही म्हणाले. ती तर मार्चपासून बसलीच आहे. माझं नाव यादीतून गेलं. उद्या शाळा उघडते, उंबरविहीरची.

तुमचा कागद मी दिला नाही. माझा दिला. चिडू नका. तुम्ही तो माझ्यासाठी लिहिलात हे मला कळलं आहे, आणि लग्नाला तीस वर्षं होत आली तरी तुमच्याकडून मला यापेक्षा मोठं काही मिळालेलं नाही. पण खोटं आहे. तुम्ही तिथल्या मुलांसाठी गेलात तेव्हा मला वाटलं, आपलं मोडलेलं सोडून हा माणूस दुसऱ्याचं जोडायला गेला. आता तसं वाटत नाही. कदाचित त्या रांगेतल्या मुलीला आत घ्यायला तुम्हीच तिथे असायला हवं होतं. घेतलीत ना तिला?

गुरुवारी काय झालं ते सांगते.

साहेबांनी माझा कागद वाचला. दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, तुम्हाला याचं काय होईल ते माहीत आहे ना?" मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत. मग म्हणाले, मुलीच्या आईला हा मजकूर मान्य असल्याचा अंगठा हवा, तिला वाचून दाखवायला लागेल. कारकून जेवायला गेला होता. कोंडी आणि सरू बाकावर बसल्या होत्या. साहेब म्हणाले, "मुलगी शिकलेली आहे, तीच वाचेल."

मी हे धरून चाललेच नव्हते. मला वाटलं होतं, कागद फाइलला लागेल आणि संपेल.

सरू उभी राहिली. वर्गात पुस्तक धरायची तसा दोन्ही हातांनी कागद धरला. मीच शिकवलंय तिला तसं धरायला, पूर्णविरामाला थांबायलाही मीच शिकवलंय. ती थांबत थांबत वाचत होती. "या मुलीस तिच्या आईने शाळेत आणले. मी तिला डोक्यावरून कान धरण्यास सांगितले. हात पोचला नाही. आईने मुलगी मोठी असल्याचे व तिला पुरेसे खायला मिळत नसल्याचे मला सांगितले. मी विश्वास ठेवला नाही. मी हसले." प्रत्येक वाक्यानंतर ती आईकडे वळून त्यांच्या बोलीत सांगायची. माझी लांब लांब वाक्यं त्यांच्या बोलीत दोन-तीन शब्दांची व्हायची. आवाज कुठे हलला नाही तिचा. माझा हलला असता.

"अशा रीतीने मी तिला तीन वेळा परत पाठवले."

इथे ती थांबली. आईला सांगितलं नाही. कोंडी म्हणाली, "काय गं?" सरूने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, वर्गात फळ्यावर माझं काही चुकलं की सांगायची तशी म्हणाली, "बाई, तीन नाही. चार."

साहेब म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. तीनच होतात."

"हो साहेब. पण नव्वदला दोनदा. एकदा पावसात. आणि एकदा दिवाळी झाल्यावर, भट्टीवर निघायच्या दिवशी. आईनं बोचकं बाहेर ठेवलं होतं. बाई म्हणतील तर हिला आजीकडे ठेवते, असं म्हणत होती." मग मला म्हणाली, "तेव्हा कान नाही धरायला लावला बाई तुम्ही. तुम्ही काहीतरी लिहीत होता. नुसता हात केलात, जा म्हणून. मग आम्ही भट्टीवर गेलो."

कोंडीने मान हलवली. "हां. ते साल."

साहेबांनी मला पेन दिलं. मी तीन खोडून चार केलं. म्हणाले, खाडाखोडीवर सही करा. मी केली. सरूने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, चार म्हणून, आईला सांगितलं, आणि कोंडीने अंगठा दिला.

घरी आल्यावर तुमचा कागद पुन्हा काढून पाहिला. तुम्हीही तीनच लिहिलं आहे. म्हणजे मी तुम्हाला चौथ्या वेळेचं सांगितलं नव्हतं. लपवलं म्हणून नाही, ते मलाच ठाऊक नव्हतं. तीन दिवस मी आठवते आहे. दिवाळीनंतरची सकाळ, दारात कोंडी, बोचकं, ती मुलगी. ओढ्यावर थांबून आठवून पाहिलं, प्रार्थनेच्या जागेवर उभी राहून पाहिलं, त्या वर्षीचं हजेरीपत्रकसुद्धा काढून पाहिलं. गुरुजी, मला अजूनही आठवत नाही.

पुष्पलता